औद्योगिक नियंत्रण यंत्रणा : सुरक्षा आणि विद्युतचुंबकीय सुसंगततेची मानके

१९९९ सालच्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील सॅन डिएगो परगण्याचे जलप्राधिकरण आणि तेथील गॅस व वीज कंपनी या दोघांनाही एका विचित्र अडचणीला तोंड द्यावे लागले. दूरवरच्या झडपा नियंत्रण कक्षात बसून उघडता व मिटता याव्यात म्हणून उभारलेली बिनतारी यंत्रणा आज्ञा पाळेनाशी झाली. अखेर ठिकठिकाणी तंत्रज्ञ पाठवून पाण्याच्या आणि गॅसच्या झडपा हाताने फिरवाव्या लागल्या. दिवसाला साडेब्याऐंशी कोटी गॅलन पाणी वाहून नेणारी ती जलवाहिनी होती. ती फुटून पूर येण्याची शक्यता निर्माण झाली होती, अशी तक्रार प्राधिकरणाने नंतर अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाकडे केली. शोध घेता असे आढळले की, किनाऱ्यापासून २५ मैलांवर, म्हणजे सुमारे ४० किलोमीटर अंतरावर असलेल्या एका जहाजावरील रडार चालू होते आणि त्याच्या लहरींनी ही यंत्रणा बधिर केली होती.

विद्युतचुंबकीय आघातांचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या अमेरिकी आयोगाच्या २००८ च्या अहवालात ही हकीकत नोंदविलेली आहे. त्याच अहवालात नेदरलँड्समधील दुसरी घटना येते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस डेन हेल्डर या नाविक तळापासून सुमारे एक मैलावर असलेल्या गॅसवाहिनीच्या नियंत्रण यंत्रणेवर नौदलाच्या रडारचा परिणाम झाला. रडार ज्या तालात फिरत होते, त्याच तालात गॅसची मोठी झडप उघडू-मिटू लागली. त्यातून दाबाच्या लाटा निर्माण झाल्या आणि ३६ इंच व्यासाच्या वाहिनीचा स्फोट झाला.

या दोन घटनांमधील फरक लक्षात घेण्याजोगा आहे. पहिल्या ठिकाणी यंत्रणेने ऐकले नाही. दुसऱ्या ठिकाणी कोणीही न सांगता तिने काम केले. कारखान्यातील यंत्राच्या बाबतीत हे दुसरे अपयश अधिक भयंकर. प्रेस बंद पडली तर उत्पादन थांबते. पण कामगाराचा हात डायमध्ये असताना ती स्वतःहून खाली आली तर काय होते, हे सांगण्याची गरज नाही. सुरक्षेची मानके आणि विद्युतचुंबकीय सुसंगततेची मानके या दोन स्वतंत्र वाटणाऱ्या गोष्टी नेमक्या याच जागी एकमेकींना भेटतात. व्यवहारात मात्र त्यांची प्रमाणपत्रे दोन वेगवेगळ्या फायलींत लावली जातात आणि दोन वेगवेगळी माणसे ती पाहतात. बहुतेक घोटाळ्याचे मूळ तेथेच असते.

सुसंगतता म्हणजे काय?

जुन्या काळी यंत्राचे नियंत्रण रिले आणि कॉन्टॅक्टर यांच्या जुळणीतून होत असे. रिलेची गुंडाळी ओढली जाण्यासाठी पुरेशी शक्ती लागते आणि काही सहस्रांश सेकंदांचा अवधीही लागतो. एखादा क्षणिक विद्युत झटका तारेवरून आला तरी रिलेला त्याची खबर लागत नसे. १९६८-६९ च्या सुमारास अमेरिकी मोटार उद्योगाच्या गरजेतून पहिला पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, तयार झाला आणि पुढे कारखान्यांचे चित्र पालटले. पीएलसीच्या आत पाच किंवा त्याहून कमी व्होल्टवर चालणाऱ्या चकत्या असतात. त्यांना सेकंदाच्या अब्जांश भागातील झटकाही जाणवतो आणि तो त्यांना खरा संकेत वाटू शकतो.

अशा झटक्यांची कारखान्यात वाण नसते. कॉन्टॅक्टरची गुंडाळी सुटताना संपर्कांमध्ये ठिणग्यांची मालिका उडते. मोटारीचा वेग बदलणारे ड्राइव्ह सेकंदाला हजारो वेळा विद्युतदाब कापत असतात आणि मोटारीपर्यंत गेलेली लांब केबल एखाद्या एरिअलसारखी वागते. वेल्डिंग, इंडक्शन भट्ट्या, पावसाळ्यातील विजा, कोरड्या हवेत ऑपरेटरच्या अंगावर साठलेली स्थिर वीज आणि हातातील वॉकीटॉकी हे सारे एकाच छपराखाली नांदतात. या गर्दीत एखादे उपकरण आपले काम नीट करते आणि शेजारच्या उपकरणाच्या कामात ढवळाढवळही करत नाही, तेव्हा ते सुसंगत आहे असे म्हणतात. व्याख्येची ही दोन अंगे आहेत : बाहेर टाकला जाणारा व्यत्यय, म्हणजे उत्सर्जन, आणि बाहेरचा व्यत्यय सोसण्याची शक्ती, म्हणजे प्रतिकारक्षमता.

या विषयाची मानके मुख्यत्वे आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोग, म्हणजेच आयईसी, तयार करतो. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्यालय जिनिव्हा येथे आहे. रेडिओच्या प्रसारणात येणारी खरखर आवरण्यासाठी १९३४ मध्ये ‘सिस्पर’ ही विशेष समिती नेमली गेली आणि उत्सर्जनाच्या मर्यादा प्रथम तिने घातल्या. प्रतिकारक्षमतेचा विचार मात्र बराच नंतर, इलेक्ट्रॉनिक्सचा प्रसार झाल्यावर, गांभीर्याने होऊ लागला. आज त्यासाठी आयईसी ६१००० ही मालिका प्रमाण मानली जाते. औद्योगिक परिसरासाठी तिच्यातील ६१०००-६-२ हा भाग प्रतिकारक्षमतेचा, तर ६१०००-६-४ हा उत्सर्जनाचा आहे. पीएलसीसाठी ६११३१-२ आणि ड्राइव्हसाठी ६१८००-३ अशी उत्पादननिहाय मानकेही आहेत.

प्रत्यक्ष चाचण्या कोणत्या, हे ६१०००-४ या उपमालिकेत सांगितले आहे. स्थिर विजेच्या चाचणीत पिस्तुलासारख्या साधनाने उपकरणाच्या अंगावर हजारो व्होल्टचा विसर्ग करतात. औद्योगिक मानकात स्पर्शाने ४ आणि हवेतून ८ किलोव्होल्ट ही पातळी आहे. कॉन्टॅक्टरच्या ठिणग्यांची नक्कल करणाऱ्या चाचणीत ५ नॅनोसेकंदांत चढणाऱ्या झटक्यांचे घोसच्या घोस केबलवर सोडले जातात. वीज पडल्यावर तारांतून येणाऱ्या लोंढ्यासाठी निराळी चाचणी आहे. तीत दाब १.२ मायक्रोसेकंदांत चढतो आणि ५० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येतो. रेडिओलहरींसाठी उपकरण बंदिस्त कक्षात ठेवून त्याच्यावर मीटरला १० व्होल्ट तीव्रतेचे क्षेत्र सोडतात.

हा १० चा आकडा पुष्कळ मोठा वाटतो, पण तसा तो नाही. ४ वॉटचा वॉकीटॉकी एक मीटर अंतरावर ढोबळ हिशेबाने मीटरला १४ व्होल्टचे क्षेत्र निर्माण करतो आणि अर्ध्या मीटरवर ते दुप्पट होते. तेव्हा पॅनेलचे दार उघडे टाकून, आत वाकून वॉकीटॉकीवर बोलणारा फिटर नकळत चाचणीपेक्षा कठोर चाचणी घेत असतो! काही कारखान्यांत पॅनेलच्या दारावर ‘येथे वॉकीटॉकी वापरू नये’ अशी पाटी दिसते. ती लावणाऱ्याला हे गणित ठाऊक असावे, किंवा अनुभवाने शिकविले असावे.

सुरक्षेची मानके

सुरक्षेच्या मानकांचे दोन थर आहेत. पहिला थर विजेच्या थेट धोक्यांचा : धक्का, आग, उष्णता, अपुरे विद्युतरोधन. पीएलसीसारख्या उपकरणांसाठी हे नियम पूर्वी ६११३१-२ मध्येच होते. आता ते ६१०१०-२-२०१ या स्वतंत्र मानकात आहेत. संपूर्ण यंत्राच्या विद्युत सामग्रीसाठी आयईसी ६०२०४-१ हे मानक असून, पॅनेल बनविणाऱ्याने एकच मानक वाचायचे ठरविले तर ते हेच असावे. तारांचे रंग, अर्थिंग, मुख्य स्विच, पिवळ्या पार्श्वभूमीवरचे लाल इमर्जन्सी स्टॉप बटण हे सारे त्यात येते. त्यातील एक साधा नियम पाहा : नियंत्रण मंडलाची एक बाजू अर्थला जोडावी, कॉन्टॅक्टरच्या गुंडाळीचे एक टोक थेट त्याच बाजूला असावे आणि सर्व स्विच दुसऱ्या बाजूला असावेत. याचे कारण असे की, एखादी तार घासून लोखंडाला टेकली तर फ्यूज उडावा. यंत्र आपोआप सुरू होऊ नये. ज्या पॅनेलमध्ये हे पाळलेले नसते, तेथे अशा दोन किरकोळ बिघाडांची गाठ पडली की यंत्राला चालू होण्यासाठी बटणाची गरज उरत नाही.

दुसरा थर कार्यात्मक सुरक्षेचा. संरक्षक दार उघडताच प्रेस थांबणे, हात आत जाताच प्रकाशपडद्याने संकेत देणे, ही कामे नियंत्रण यंत्रणेवर सोपविलेली असतात. ती कितपत विश्वासाने होतील, याचे मोजमाप आयईसी ६१५०८ या मानकाने घालून दिले. त्याचे भाग १९९८ ते २००० या काळात प्रसिद्ध झाले आणि दुसरी आवृत्ती २०१० मध्ये आली. त्यात सुरक्षेच्या चार पातळ्या आहेत. सतत वापरात असलेल्या सुरक्षाकार्यासाठी तिसऱ्या पातळीचा अर्थ असा की, धोकादायक बिघाडाचे सरासरी प्रमाण एक कोटी ते दहा कोटी तासांत एक इतके कमी असावे. एक कोटी तास म्हणजे सुमारे ११४० वर्षे. अर्थात ही संभाव्यता आहे, हमी नव्हे. पहिलाच बिघाड उद्या सकाळीही होऊ शकतो. यंत्रसामग्रीसाठी याच विचाराची आयएसओ १३८४९-१ आणि आयईसी ६२०६१ ही मानके वापरली जातात, तर रसायन व तेल प्रक्रियेसाठी ६१५११.

पूर्वी इमर्जन्सी स्टॉपच्या तारा संगणकीय नियंत्रणातून नेऊच नयेत, त्या थेट कॉन्टॅक्टरपर्यंत न्याव्यात, असा दंडक होता. २००५ च्या आवृत्तीने तो सैल केला आणि सुरक्षेसाठी खास घडविलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांना वाट करून दिली. तेव्हापासून सुरक्षेचा भार पुन्हा त्या नॅनोसेकंदांत बिचकणाऱ्या चकत्यांवर येऊन पडला आहे.

‘पास’ या शब्दाचा अर्थ

सुसंगततेच्या चाचणीत उपकरण उत्तीर्ण झाले म्हणजे नेमके काय झाले? मानकात त्यासाठी तीन कसोट्या आहेत. ‘ए’ कसोटीत व्यत्यय चालू असतानाही काम बिनचूक चालले पाहिजे. ‘बी’ कसोटीत व्यत्ययाच्या काळात काम काहीसे बिघडले तरी चालते, मात्र नंतर ते आपोआप पूर्ववत झाले पाहिजे. ‘सी’ कसोटीत काम थांबले आणि ऑपरेटरने ते पुन्हा सुरू केले, तरी हरकत नाही. औद्योगिक प्रतिकारक्षमतेच्या मानकात स्थिर वीज, झटक्यांचे घोस आणि विजेचे लोंढे या तिन्हींसाठी ‘बी’ कसोटी पुरेशी मानलेली आहे. शिवाय कितपत बिघाड चालेल, हे ठरविण्यात उत्पादकाच्या म्हणण्याला मोठे स्थान असते.

तापमान दाखविणाऱ्या पडद्यावरील आकडा क्षणभर थरथरला तर कोणाचे काही बिघडत नाही. पण तोच क्षणभराचा बिघाड संरक्षक दाराच्या संकेतात झाला आणि उघडे दार बंद आहे असे यंत्रणेला वाटले, तर? चाचणी अहवालाच्या दृष्टीने तो ‘बी’ ठरू शकतो, कारण पुढच्या क्षणी सर्व पूर्ववत झालेले असते. प्रेसखालचा हात मात्र पूर्ववत होत नाही. सुसंगततेचे प्रमाणपत्र म्हणजे सुरक्षेचे प्रमाणपत्र नव्हे, हे विधान एवढ्याचसाठी वारंवार करावे लागते.

ही फट बुजविण्यासाठी २००८ मध्ये ६१३२६-३-१ आणि २०१४ मध्ये ६१०००-६-७ ही मानके आली. सुरक्षाकार्य करणाऱ्या उपकरणांसाठी त्यांत चाचण्या अधिक कडक केल्या आहेत आणि निराळी कसोटीही घातली आहे. ती सांगते की, व्यत्ययाने सुरक्षाकार्य विस्कळीत झाले तरी चालेल. पण यंत्रणा आधीच ठरविलेल्या स्थितीत गेली पाहिजे. ती स्थिती बहुधा ‘थांबणे’ हीच असते. उत्पादनाच्या दृष्टीने हा बिघाड, सुरक्षेच्या दृष्टीने हे यश. पुरवठादाराच्या कागदावर ६१०००-६-२ लिहिले आहे की ६१०००-६-७, हा एका अंकाचा फरक खरेदी विभागाने म्हणूनच डोळ्यांआड करू नये.

दुसरा गैरसमज दुहेरी मार्गांविषयीचा. सुरक्षा यंत्रणेत एकाच दारावर दोन स्विच आणि दोन स्वतंत्र मार्ग ठेवतात. एक बिघडला तरी दुसरा यंत्र थांबवितो. स्प्रिंग तुटणे, संपर्क चिकटणे अशा बिघाडांविरुद्ध ही युक्ती उत्तम आहे. पण विद्युतचुंबकीय व्यत्यय एकेकाला गाठत नाही. दोन्ही मार्गांच्या तारा एकाच केबलमध्ये, एकाच नळीतून गेल्या असतील, तर तो दोघांनाही एकाच क्षणी, एकाच प्रकारे फसवितो. मानकांच्या भाषेत हे समान कारणाने होणारे अपयश. आयएसओ १३८४९-१ च्या २०१५ च्या आवृत्तीत यासाठी चक्क शंभर गुणांची परीक्षा आहे. उत्तीर्ण होण्यास ६५ गुण लागतात आणि त्यांपैकी २५ गुण प्रदूषण व विद्युतचुंबकीय व्यत्यय यांपासून केलेल्या संरक्षणाला आहेत. एकाच बाबीला याहून अधिक गुण त्या तक्त्यात नाहीत.

अर्थिंग, शिल्ड आणि गळती

कोणतेही मानक कागदावर कितीही चोख असले तरी ते पॅनेलमध्ये उतरते ते वायरमनच्या हातून. पिंपरी-चिंचवड, भोसरी, नाशिकचे सातपूर-अंबड, कोल्हापूरचे गोकुळ शिरगाव, छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज या औद्योगिक पट्ट्यांत पॅनेल बनविणारे लहान-मोठे व्यावसायिक आहेत. त्यांच्या कामात पीएलसी, ड्राइव्ह, वीजपुरवठा हे सारे सुटे भाग प्रमाणित असतात. त्यामुळे पॅनेलही आपोआप प्रमाणित झाले, असा समज होतो. तो चुकीचा आहे. ड्राइव्हची मोटार-केबल आणि एन्कोडरची केबल एकाच ट्रेमधून खेटून नेली, तर दोन प्रमाणित भागांमधून एक अप्रमाणित यंत्र तयार होते.

शिल्डेड केबलचेच उदाहरण घेऊ. केबलच्या भोवतीची तांब्याची जाळी पॅनेलमध्ये शिरताच धातूच्या पट्टीने चहूबाजूंनी आवळून बसविली पाहिजे. आपल्याकडे बहुधा ती जाळी पिळून तिची तार करतात आणि हिरवी स्लीव्ह घालून अर्थच्या स्क्रूला जोडतात. दिसायला काम नीटस होते. अशा दहा सेंटीमीटर तारेचे प्रवर्तन सुमारे ०.१ मायक्रोहेन्री भरते. ५० हर्ट्झला तिचा अडथळा नगण्य असतो, मल्टिमीटरवर तर शून्यच दिसतो. १०० मेगाहर्ट्झला मात्र तो ६० ओमच्या पुढे जातो, म्हणजे शिल्ड जवळजवळ न जोडल्यासारखीच. अर्थ पिटचा रोध एक ओमच्या आत आणण्यासाठी मीठ-कोळसा टाकण्याची जी धडपड चालते, तिचा या प्रश्नाशी फारसा संबंध नाही. ती माणसाला धक्क्यापासून वाचविण्यासाठी व विजेच्या निचऱ्यासाठी आवश्यक; पण व्यत्यय आवरतो तो पॅनेलच्या आत, रंग खरवडलेल्या माउंटिंग प्लेटवर.

सुरक्षा आणि सुसंगतता यांची एका ठिकाणी तर उघड ओढाताण होते. ड्राइव्हचा व्यत्यय आवरण्यासाठी फिल्टर लावतात. त्यातील कॅपॅसिटर व्यत्ययाला अर्थकडे वाट करून देतात आणि त्याच वाटेने थोडा विद्युतप्रवाहही सतत गळत राहतो. अर्थची तार तुटली तर हा प्रवाह यंत्राच्या सांगाड्याला हात लावणाऱ्याच्या अंगातून जाईल. म्हणून गळती १० मिलिअँपिअरहून अधिक असेल, तर ६०२०४-१ अर्थची तांब्याची तार किमान १० चौरस मिलिमीटरची, किंवा जोडीला दुसरी अर्थ तार, किंवा अर्थ तुटताच वीजपुरवठा आपोआप तोडण्याची सोय मागते. आता होते असे की, या गळतीमुळे मुख्य फलकावरचा ईएलसीबी वारंवार पडू लागतो. उत्पादन खोळंबते. मग कोणीतरी ड्राइव्हवरील फिल्टर वेगळा करणारा छोटा स्क्रू काढून टाकतो. ईएलसीबी पडणे थांबते, सर्वांना हायसे वाटते आणि काही दिवसांनी शेजारच्या यंत्रावरचा प्रकाशपडदा अधूनमधून विनाकारण यंत्र थांबवू लागतो. तेव्हा त्यालाही ‘बायपास’ केले जाते. व्यत्यय ते अपघात हा प्रवास बहुतेक वेळा असाच, एकेका सोयीच्या पायरीने होतो. रडारइतके नाट्य त्यात नसते.

कायदा आणि चाचणी

युरोपीय संघात सुसंगततेचा पहिला निर्देश १९८९ चा. १ जानेवारी १९९६ पासून तो सक्तीचा झाला. सध्याचा निर्देश २०१४ चा असून तो २० एप्रिल २०१६ पासून लागू आहे. यंत्रसुरक्षेच्या २००६ च्या निर्देशाची जागा २०२३ चा नवा नियम घेणार असून, त्याच्या अंमलासाठी २० जानेवारी २०२७ ही तारीख ठरविण्यात आली आहे. युरोपात यंत्रे पाठविणाऱ्या आपल्याकडील कारखानदारांना सीई चिन्हासाठी या दोन्हींची पूर्तता करावी लागते आणि ‘आम्ही पूर्तता केली आहे’ असे घोषित करण्याची जबाबदारी उत्पादकाचीच असते.

भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २१ व्या कलमाने धोकादायक यंत्रभागांभोवती संरक्षक आवरण सक्तीचे केले होते. त्यामागची कल्पना लोखंडी जाळीची होती. इलेक्ट्रॉनिक पहारेकऱ्याची त्या काळी कोणी कल्पनाही केली नव्हती. भारतीय मानक ब्युरो आयईसीची अनेक मानके जशीच्या तशी स्वीकारते, त्यामुळे अभ्यासासाठी ती भारतीय क्रमांकानेही मिळतात. चाचण्यांसाठी परदेशी जाण्याचेही कारण नाही. केंद्र सरकारच्या ‘समीर’ संस्थेत त्या होतात; पुण्यातील एआरएआयमध्येही वाहनक्षेत्रासाठी अशी प्रयोगशाळा आहे.

चाचणी मात्र नव्या कोऱ्या नमुन्यावर, एकदाच होते. यंत्र पुढे वीस-वीस वर्षे चालते. त्या काळात ग्लँड सैल होतात, अर्थच्या पट्ट्या गंजतात, दाराची धातूची गॅस्केट फाटते आणि विद्युतरोधन शाबूत असल्याने कोणालाच काही जाणवत नाही. आयईसी ६१०००-१-२ आणि अमेरिकेच्या आयईईई संस्थेचे १८४८ क्रमांकाचे मानक यांचा भर म्हणूनच केवळ चाचणीवर नाही. व्यत्यय कधीतरी आत शिरणारच असे गृहीत धरून, चुकीचा संकेत ओळखता यावा व यंत्र सुरक्षित स्थितीत जावे, अशी रचना मुळातच करण्यावर आहे. दोन मार्ग एकाच प्रकारचे न ठेवता एक सामान्यतः उघडा व दुसरा सामान्यतः बंद ठेवणे, संदेशासोबत पडताळणीचा आकडा पाठविणे, असे उपाय त्यातून येतात.

यंत्र विकत घेताना चाचणीचा अहवाल मागविला तर बहुधा पहिले पान मिळते; त्यावर शिक्का असतो. संपूर्ण अहवाल मागवावा. कोणत्या केबलवर झटके सोडले, केबलची लांबी किती होती, त्या वेळी मोटार चालू होती की नुसतेच पॅनेल प्रकाशित होते, दार बंद होते की उघडे, आणि प्रत्येक ओळीपुढे ‘ए’ लिहिले आहे की ‘बी’, हे आतल्या पानांवर असते.